पाटणचा मठ आणि संगणकाचे विद्यार्थी

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला आणि इ. स. १२०७ मध्ये सामंत सोइदेवाने त्यास दान दिले, असे तो सांगतो. लेखातला मराठी भाग मोठा गोड आहे : दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला! मूळ ग्रंथ वाचले जावेत म्हणून गावाने दिलेला हा कर. चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याच सिंघणाची सत्ता पुढे रट्टांच्या वेणुग्रामावर, म्हणजे आपल्या बेळगावावर, आली.

बेळगावास १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. तेथील वा निपाणीकडील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने नुसती टिपणे न घोकता रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांचा गुप्तलेखनावरील १९७८ चा निबंध मुळातून वाचावा. शेजारी ११५० ची ‘लीलावती’ ठेवावी. गुप्त किल्ली काढताना निबंधकार युक्लिडचे नाव घेतात. पण परस्परांस भागीत जावे, भागाकारांची वल्ली मांडावी आणि खालून वर चढत उत्तर गाठावे, हा आर्यभटापासून चालत आलेला कुट्टक ‘लीलावती’त उदाहरणांसह आहे. शिक्षकाने त्यातले एखादे उदाहरण आधी हाताने सोडवून घ्यावे, आज्ञावली मागाहून लिहवावी.