माहेरापासून दूर : बाब अल बहरीनच्या परिसरातील बाळंतपणे आणि आपला इतिहास

आपल्या पूर्वजांच्या आगमनाविषयी लिहिताना आपण बोटींची नावे लिहितो, कराराची वर्षे लिहितो, कोणी देऊळ बांधले आणि कोणी भजनी मंडळ काढले हे लिहितो. एक प्रश्न मात्र आपल्या स्मरणिकांमध्ये क्वचितच येतो. परक्या भूमीवर आपल्या घराण्यातले पहिले मूल जन्माला आले, तेव्हा त्या बाईजवळ कोण होते?

मराठी घरात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते आणि मुलगी आईकडे जाते. सुईण येते, पाचवीला पूजा होते, सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते असे मानतात. मग सव्वा महिना शेक-शेगडी, ओव्याची धुरी, बाळंतकाढा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. या सगळ्याच्या मुळाशी एकच विचार आहे : अवघड वेळी मुलगी तिच्या माणसांत असावी. समुद्र ओलांडलेल्या स्त्रीला ही सोय राहत नाही. मग ती काय करते? हे समजून घेण्यासाठी मी या लेखात आपल्या मॉरिशसबरोबर बहरीनचेही उदाहरण घेतले आहे, कारण तिथे हा प्रश्न आजही रोज विचारला जातो.

कँपातली बाळंतपणे

१८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय कराराने मॉरिशसला आले. त्यांतले आपले लोक मुंबई बंदरातून, मुख्यतः कोकण आणि साताऱ्याकडून आले. सुरुवातीला बोटींवर स्त्रिया फारच थोड्या होत्या. पुढे पुरुषांच्या प्रमाणात ठरावीक स्त्रिया असल्याच पाहिजेत असा नियम झाला. प्रवास कित्येक आठवड्यांचा असे, त्यामुळे काही मुले बोटीवरच जन्मली. पोर्ट लुईच्या ज्या आगमन डेपोला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो, तिथे उतरल्यावर नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि नंबर लिहून घेत. कोणती बाई पोटुशी आहे आणि तिची आई कुठे आहे, हे विचारण्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

मळ्याच्या कँपात एका ओळीत कोकणातली, बिहारची, मद्रासकडची अशी सर्व घरे असत. पहिल्या पिढीच्या बाईला माहेरी जाणे अशक्य होते. तिचे बाळंतपण शेजारणींनी आणि कँपातल्या दाईने केले. ती दाई मराठी असेलच असे नाही. एका भाषेत कळा देणारी आणि दुसऱ्या भाषेत धीर देणारी, अशी ती बाळंतपणे झाली. कायद्याने मळ्यांवर दवाखाने असायचे, पण त्यांची स्थिती चांगली नव्हती. १८७२ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने मळ्यांवरच्या एकंदर परिस्थितीची चौकशी केली, तेव्हा दवाखान्यांतल्या उणिवाही तिने नोंदल्या. त्याआधी १८६७ च्या हिवतापाच्या साथीत या बेटावर हजारो माणसे दगावली होती. गरोदर बाईला हिवताप किती घातक, हे आज आपल्याला माहीत आहे.

मायदेशीही सर्व काही ठीक होते असे समजू नये. कोकणात विळ्याने नाळ कापली जाई आणि धनुर्वाताने बाळे जात. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या अवघ्या १४ वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेतली. त्यांचा प्रबंधही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. १९२६ साली परळला गिरणगावाजवळ वाडिया प्रसूतिगृह निघाले. आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा झाला, तो हिंदुस्थानातला असा पहिला कायदा. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कौन्सिलात बोलले होते. या बाळंतपणाचा फायदा शेवटी सर्व समाजाला होतो, तेव्हा भार एकट्या बाईवर का, असा त्यांचा रोख होता.

दोन समुद्रांचा दरवाजा

आता बहरीनकडे येऊ. या नावाचा अर्थ ‘दोन समुद्र’ आणि बाब म्हणजे दरवाजा. मनामा शहरात जुन्या बाजाराच्या तोंडाशी बाब अल बहरीन ही कमान आहे. सरकारचे सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी तिचा आराखडा केला आणि १९४० च्या दशकात ती बांधली गेली. तेव्हा समुद्र तिच्या अगदी जवळ होता. आता भर घालून तो दूर लोटला आहे. कमानीतून आत गेले की कापडाची, सोन्याची, मसाल्यांची दुकाने लागतात. आतल्या गल्लीत श्रीनाथजींचे देऊळ आहे. सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी ते दोनशे वर्षांपूर्वी उभे केले.

या बेटाचे मुंबईशी जुने नाते आहे. तिथे १९६५ पर्यंत रुपया चालत होता. मुंबई ते बसरा जाणाऱ्या बोटी बहरीनला थांबत. त्यांतली शेवटची ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालू होती. १९३२ साली तेल लागले आणि कारकून, फिटर, सुतार, मेकॅनिक मुंबईहून कराराने जाऊ लागले. ‘करार’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फरक एवढाच की या करारावर पुरुष एकटा जाई आणि बायको गावी राही.

बहरीनमधल्या बाळंतपणाची गोष्ट बाबच्या जवळच असलेल्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलपासून सुरू करावी लागते. १९०३ साली मेसन मेमोरियल या नावाने ते सुरू झाले. पहिल्या डॉक्टर जोडप्यातल्या मॅरियन वेल्स थॉम्स या १९०५ मध्ये विषमज्वराने गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९०४ मध्ये, मिशनचे झ्वेमर आणि त्यांची परिचारिका पत्नी एमी यांच्या दोन लहान मुली आठ दिवसांत दगावल्या. दुसऱ्यांच्या लेकरांना वाचवायला आलेल्या घरावरही असा प्रसंग आला. पुढे १९२० च्या दशकात स्त्रियांसाठी वेगळे हॉस्पिटल बांधले, त्याला मॅरियन यांचेच नाव दिले.

तिथल्या स्त्रिया मात्र लगेच दवाखान्यात आल्या नाहीत. घरी दाया येत असे. अरबीत सुईणीला ‘दाया’ म्हणतात, आणि आपल्या कँपातली होती ती ‘दाई’. एकाच कामाला दोन्ही किनाऱ्यांवर जवळजवळ एकच शब्द. त्या दायांकडे पुष्कळ शहाणपण होते, तशी एक वाईट चालही होती. बाळंतपणानंतर योनिमार्गात मिठाचे खडे भरत. त्याने जखम लवकर सुकते असा समज होता. प्रत्यक्षात आतली त्वचा भाजून निघे, व्रण पडून मार्ग आक्रसे, आणि पुढच्या खेपेला बाळ अडून बसे. मिशनच्या डॉक्टरांनी ही प्रकरणे लिहून ठेवली आणि वैद्यकीय नियतकालिकांतही ती छापून आली. रुग्णालयातल्या बाळंतपणांचा प्रसार झाला तशी ही चाल मागे पडली.

तिथल्या बाळंतिणीचेही चाळीस दिवस असतात. तिला मेथी आणि ‘रशाद’चे दाणे घालून गरम पेय देतात, त्याला ‘हसो’ म्हणतात. रशाद म्हणजे काय, हे मी बाबमागच्या मसाल्याच्या दुकानात पाहिले. ते आपले अळीव! वाईट चाल सोडली तरी चालते. चांगली चाल मात्र समुद्राच्या दोन्ही तीरांवर आपोआप टिकून राहते.

आजच्या पोटुश्या काय म्हणतात

माझी भाची मनामात नोकरी करते. तिच्या बाळंतपणासाठी मी तिथे दोन महिने राहिले. संध्याकाळी देवळाजवळच्या गल्लीत भाजी-मसाला घ्यायला येणाऱ्या मराठी मुलींशी गप्पा होत. त्यांतल्या तिघी दिवसांतल्या होत्या आणि तिघींची मते तीन होती.

चिपळूणकडची म्हणाली, “मावशी, मी तर जाणारच. आईच्या हातचा शेक नसेल तर ते बाळंतपण कसलं?” तिचे तिकीट काढलेले होते. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरची चिठ्ठी मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर घेतच नाहीत. सातव्या महिन्यात माहेरी न्यायची आपली जुनी रीत या नियमात नेमकी बसते, याचे मला नवल वाटले.

सांगलीकडची ऐकून घेणारी नव्हती. “तू गेलीस की भाऊजी बाळाला तीन महिन्यांनी बघणार. माझे हे माझ्याजवळ असायला हवेत. आईला व्हिजिट व्हिसावर इकडे बोलावलंय. माहेर विमानानं येईल!” तिला कळा सोसून नैसर्गिक बाळंतपण हवे होते. भारतातल्या खाजगी दवाखान्यांत लगेच सिझेरियन करतात, अशी तिला धास्ती होती. ही धास्ती अगदी निराधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात शंभरांतली साधारण २१ बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसतात. सरकारी दवाखान्यांत ती १४ आणि खाजगीत ४७ आहेत.

तिसरी नागपूरची, ती शांतपणे म्हणाली, “मला तारीख ठरवून ऑपरेशनच हवंय. माझ्या बहिणीचं बाळ अडून गेलं. नैसर्गिकचं कौतुक मला सांगू नका.” त्यावर कोणी काही बोलले नाही. चिपळूणच्या मुलीने फक्त तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

मग बोलणे नोकरीवर आले. बहरीनच्या २०१२ च्या कामगार कायद्यानुसार खाजगी नोकरीत ६० दिवस भरपगारी आणि वर १५ दिवस बिनपगारी रजा मिळते. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात. “साठ दिवसांत बाळाची मान तरी धरते का?” असे माझी भाची म्हणाली, तेव्हा तिघी एकदम हसल्या. त्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते.

त्यांची मते ऐकून मला वाटले, आपण ‘आपली परंपरा’ म्हणतो तेव्हा जणू सगळ्या आज्या एकाच मताच्या होत्या असे समजतो. तसे नसणार. कँपातही कोणी दाईवर विश्वास ठेवला असेल, कोणी मळ्याच्या दवाखान्यात जायचे म्हटले असेल, कोणी सासूशी वाद घातला असेल. त्यांचे वाद कोणी लिहून ठेवले नाहीत, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत म्हटले आहे की, कळा देताना बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस असावे. माहेरच्या रिवाजाचा गाभाही हाच होता. आईकडे जाणारी, नवऱ्याला जवळ ठेवणारी आणि सर्जनवर भरवसा टाकणारी, तिघी हेच मागत होत्या.

जन्मस्थळाचा रकाना

एक फरक मात्र आपण विसरू नये. बहरीनमध्ये परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाला जन्मामुळे तिथले नागरिकत्व मिळत नाही. आईबाप भारतीय असतील तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवायचा. म्हणजे मूल जन्मते दोन समुद्रांच्या बेटावर, आणि कागद बनतो मायदेशाचा. पुष्कळ मजुरांना तर बायकोला तिथे आणणे परवडतच नाही. त्यांची बाळे गावी जन्मतात आणि बापाला फोनवर दिसतात. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणी माणसालाही त्याची खबर पत्रातूनच कळत असे.

आपले उलट झाले. माहेर नसलेल्या बायांनी मळ्याच्या कँपात मुलांना जन्म दिला. सरकारने या बेटावर जन्मलेल्यांची गणना बाहेरून आलेल्यांपासून वेगळी सुरू केली. करार पुरुषांच्या अंगठ्याने झाला, पण आपण इथले झालो ते त्या बाळंतपणांमुळे. ज्या शेजारणीने गरम पाणी आणले आणि ज्या दाईने नाळ कापली, त्यांनी आपल्याला हा देश दिला.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत नाव घालताना प्रत्येक मुलाचे जन्मस्थळ विचारतात. त्या रकान्यात गावाचे नाव येते, त्या खोलीत कोण होते ते येत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सत्तरी-ऐंशीच्या आज्या अजून आहेत. त्यांना त्यांच्या आईच्या बाळंतपणाची गोष्ट माहीत असते : दाईचे नाव काय होते, ती कोणत्या भाषेत बोलत असे, पाचवीला काय करत, लाडूत काय घालत, कोणते मूल राहिले आणि कोणते गेले. वाचकांना माझी विनंती आहे की, हे त्यांच्याजवळ बसून विचारावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. आज्या आहेत तोवरच हे मिळेल.