रिकाम्या रस्त्याची मोटार

कोरेगाव भीमा येथील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मला मागे एक प्रश्न घातला. त्यांच्या अंगणात १९९५ सालची एक मर्सिडीज उभी असते. तिसऱ्या मालकाकडून, एखाद्या साध्या नव्या गाडीच्या निम्म्या किमतीत, ती त्यांनी हौसेने घेतलेली. आता चिरंजीवांचा आग्रह असा की, हा पांढरा हत्ती विकावा आणि लिटरला वीस किलोमीटर धावणारी हायब्रिड मोटार घ्यावी. यावरून घरात बोलणे तुटण्याची वेळ आली होती. "तुम्ही इतिहासाचे लोक, यांत शहाणा कोण ते तुम्ही सांगा," असे ते मला म्हणाले. मोटारींची परीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु जसजसा विचार करू लागलो तसतसे मला दिसू लागले की, या भांडणाचे मूळ त्यांच्या दारावरून जाणाऱ्या पुणे-नगर रस्त्यात आहे.

प्रथम त्या जुन्या गाडीची कुळकथा पाहू. कारखान्याच्या परिभाषेत 'डब्ल्यू १२४' म्हणून ओळखली जाणारी ही मोटार १९८४ च्या अखेरीस जर्मनीत निघाली. ज्या देशातील हमरस्त्यांच्या पुष्कळ भागावर वेगाला कायद्याची मर्यादाच नाही, त्या देशासाठी ती घडविली होती. तासन् तास एकाच वेगाने, न थकता, न खडखडता धावणे हे तिचे इष्ट. वारा कापण्यासाठी तिचे अंग काळजीपूर्वक घासूनपुसून काढलेले. पुढच्या काचेवर वायपर एकच, पण तो फिरता फिरता आत-बाहेर सरकून काचेचे कानेकोपरेही पुसतो. जर्मनीतील टॅक्सीवाल्यांनी या गाड्या लाखो किलोमीटर पळविल्या. आपल्याकडे तोवर मोठी गाडी म्हणजे ॲम्बॅसडर आणि सुटसुटीत गाडी म्हणजे फियाट. १९९१ च्या आर्थिक धोरणाने दारे किलकिली झाली, १९९४ साली मर्सिडीजची भारतीय कंपनी स्थापन झाली, आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात हीच मोटार जुळविली जाऊ लागली. पुढे २००९ साली कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. शिक्रापुराहून चाकणला रस्ता फुटतो. म्हणजे आमच्या गृहस्थांच्या दृष्टीने ही गाडी परदेशची असली तरी शेजारगावची लेकच म्हणावयाची!

आता दुसरी. हायब्रिड म्हणजे संकरित. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांना एकाच गाडीला जुंपण्याची कल्पना नवी मुळीच नाही. फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी तशी गाडी करून दाखविली होती. पेट्रोल मुबलक झाल्यावर ती कल्पना अडगळीत पडली, ती १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाच्या 'प्रियस'ने बाहेर काढली. आपल्याकडे ती सामान्य सुखवस्तू घराच्या आवाक्यात आली २०२२ साली, होंडा सिटी, ग्रँड विटारा अशा गाड्यांच्या रूपाने.

हिची युक्ती काय ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण सारे इंगित तेथे आहे. दीड टनाची गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने चालली असता आपण ब्रेक दाबतो, तेव्हा इंजिनाने कमावलेली सारी गती उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. इंजिन पेट्रोलातील शक्तीचा साधारण चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचविते असे धरून मी हिशेब केला, तर असे पन्नास-पंचावन्न वेळा थांबले की एक लिटर पेट्रोल निव्वळ ब्रेकांत जळाले! संकरित गाडी थांबताना मोटरीलाच जनित्र करते, त्या गतीचा बराच भाग वीज करून बॅटरीत टाकते आणि निघताना तीच वीज वापरते. गाडी खोळंबली की इंजिन बंद. पण ज्याला थांबावेच लागत नाही, त्याचा यात लाभ किती? मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्यास तो अगदी थोडा.

येथे रस्ता येतो. वाघोली, लोणीकंद, पेरणे, भीमेचा पूल, कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर ही गावे एके काळी एकमेकांपासून शेतांनी वेगळी होती. मग सणसवाडीला कारखाने आले, रांजणगावला औद्योगिक वसाहत आली. तेथील फियाटच्या कारखान्यातून २००९ पासून 'लीनिआ' ही सेडान निघू लागली. ज्या रस्त्याने मोटारी बाहेर पडावयाच्या, त्याच रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्या, कंटेनर, उसाच्या बैलगाड्या आणि दुचाक्या यांची दाटी झाली. वाघोलीच्या चौकात सायंकाळी उभे राहून पाहावे: गाडी दहा पावले सरकते आणि थांबते. मर्सिडीजचे ते सारे सामर्थ्य तेथे जागच्या जागी गुरगुरत पेट्रोल पिते. म्हणून मी म्हणतो की, हायब्रिडची काटकसर ही बव्हंशी गर्दीची देणगी आहे. १९९५ ची गाडी घेणाऱ्याने ऐषआराम म्हणून जो विकत घेतला, त्यातील मोठा हिस्सा रिकामा रस्ता हा होता, आणि तो गाडीबरोबर मिळत नाही.

पैशाचा हिशेब मात्र चिरंजीवांना वाटतो तितका सरळ नाही. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. जुनी गाडी लिटरला आठ देईल, तर दीड हजार लिटर. नवी वीस देईल, तर सहाशे. नऊशे लिटर वाचले. शंभर रुपये दराने नव्वद हजार. नव्या-जुन्यांच्या किमतीतील अंतर पंधरा लाखांचे असेल, तर ते भरून निघण्यास जवळजवळ सतरा वर्षे लागतील, आणि हायब्रिडच्या बॅटरीची हमी आठच वर्षांची असते. उलट जुनीचे सुटे भाग महाग, जाणता मिस्त्री दुर्मिळ, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आहेच. तिच्या धुराचे मोल तर या हिशेबात मी धरलेलेच नाही.

सरकारलाही या दोहोंत निवाडा करणे जमले नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकरासह त्रेचाळीस टक्के बसले. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेतही चार मीटरांहून लांब हायब्रिड आणि नवी मर्सिडीज चाळीस टक्क्यांच्या एकाच पंगतीत बसल्या. पाच टक्क्यांचे पान वाढले ते केवळ विजेच्या गाडीला.

साठाच्या दशकात संकरित ज्वारी आली तेव्हा शिरूर-दौंडकडचे शेतकरी म्हणत, कणगी भरते खरी, पण शाळूच्या भाकरीची गोडी नाही. आमच्या गृहस्थांचे म्हणणे ऐकताना मला त्याची आठवण झाली. मी त्यांना वरील हिशेब लिहून दिला. चिरंजीव रोज खराडीला नोकरीस जातात, त्यांनी हायब्रिड घेतली. मर्सिडीज अद्याप अंगणात आहे. महिन्यातून एकदा पहाटे चारला वडील ती काढतात, शिरूरपर्यंत जातात, आणि कारखान्यांची पहिली पाळी भरण्यापूर्वी पुन्हा घरी पोहोचतात.