एका तिकिटात दोन सामने

आम्हा निफाडकरांना रेल्वेच्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. मुंबईहून मनमाडकडे येणारी गाडी कसारा घाट चढते ती मागे जोडलेल्या जादा इंजिनांच्या रेट्यावर. अमेरिकेत पुढे दोन इंजिनं लावलेल्या गाडीला ‘डबल हेडर’ म्हणत. बेसबॉलवाल्यांनी हा शब्द बहुधा तिथूनच उचलला आणि एकाच मैदानावर एकाच दिवशी लागोपाठ होणाऱ्या दोन सामन्यांना तो चिकटला. आज आयपीएलमुळे शनिवार-रविवारी तो आपल्याही घरात ऐकू येतो. पण मूळची कल्पना आणि आजची रीत यांत बरंच अंतर पडलं आहे.

एका तिकिटात दोन सामने दाखवण्याचा पहिला मोठा प्रयोग २५ सप्टेंबर १८८२ रोजी झाला. अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या संघाची प्रॉव्हिडन्सशी गाठ होती. वूस्टरचा संघ दुबळा, प्रेक्षक पाठ फिरवलेले. तीनच दिवसांनी झालेल्या त्यांच्या एका सामन्याला अवघे ६ प्रेक्षक आल्याची नोंद आहे! त्या हंगामानंतर हा संघ लीगमधून बाहेर पडला, पण कल्पना टिकली. कामगाराला आठवड्यात सुटी एक. बाजारच्या दिवशी आपण एका खेपेत चार कामं उरकतो, तसे तो एका दिवसात दोन सामने पाहू लागला. पावसानं बुडालेले सामनेही अशाच जोडीनं भरून काढले जात. ऑगस्ट १९०३ मध्ये जो मॅक्गिनिटी या गोलंदाजानं तीन वेळा एका दिवसातल्या दोन्ही सामन्यांत गोलंदाजी केली आणि सहाही सामने जिंकून दिले. १९४३ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या संघानं एका हंगामात तब्बल ४४ जोडसामने खेळले.

मग ही चाल मागे का पडली? १९३५ मध्ये सिनसिनाटीत मोठ्या लीगचा पहिला सामना विजेच्या दिव्यांखाली झाला. दिवसभर राबलेला माणूस आता संध्याकाळी मैदानावर येऊ शकत होता. पुढे दूरचित्रवाणी आली. दोन सामन्यांची दोन तिकिटं विकता येत असतील तर एकात दोन का द्यायचे, हा हिशेब मालकांनी केला. आजही काही वेळा दिवसा एक आणि रात्री एक असे सामने होतात, पण मधल्या वेळात मैदान रिकामं करून दुसरं तिकीट घ्यायला लावतात. प्रेक्षकाच्या पदरात पडणारं वरकड माप असं गेलं.

आपल्याकडे हा शब्द आला तो टीव्हीच्या दारानं. आयपीएलचा पहिला शनिवार होता १९ एप्रिल २००८. एक सामना मोहालीत, दुसरा दिल्लीत. म्हणजे दोन सामने मिळाले ते घरात बसलेल्याला. मैदानावरच्याच्या हाती एकच.

एकाच मैदानावरची खरी जोडी क्रिकेटमध्ये जमली ती महिला आणि पुरुषांच्या सामन्यांची. ३१ मार्च २०१६ ला वानखेडेवर विश्वचषकाचे दोन उपांत्य सामने झाले. दुपारी वेस्ट इंडीजच्या महिलांनी न्यूझीलंडला हरवलं, रात्री त्यांच्याच पुरुष संघानं भारताला. रात्रीचा सामना आपल्याला अजून सलतो. दुपारचा किती जणांना आठवतो? २२ मे २०१८ ला त्याच मैदानावर आयपीएलच्या बाद फेरीआधी महिलांचा एक प्रदर्शनीय सामना ठेवला गेला. एका संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर, दुसऱ्याची आपली सांगलीची स्मृती मानधना. मे महिन्याची दुपार, गर्दी तुरळक. सामना मात्र शेवटच्या चेंडूपर्यंत रंगला.

त्या दुपारच्या सामन्याला मी कमी लेखणार नाही. मोठ्यांच्या तिकिटावर का होईना, आत शिरायला वाट मिळाली. त्यातूनच छोटी स्पर्धा उभी राहिली. २०२२ मध्ये गहुंज्याला तिच्यात आपल्या नाशिक जिल्ह्याची माया सोनवणे खेळली. मार्च २०२३ मध्ये महिलांची स्वतंत्र लीग मुंबईत सुरू झाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान खच्चून भरलं होतं. त्या दिवशी तिथे पुरुषांचा सामना नव्हता. लोक आले ते याच सामन्यासाठी.

जोडीनं सामने ठेवण्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की उन्हाची वेळ कोणाला आणि दिव्यांची कोणाला? आपल्याकडे गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, दिवसाला चार-पाच सामने होतात. त्यात मुलींचा एखादा सामना ठेवायची बुद्धी कोणाला झाली, तर माझी एवढीच विनंती आहे. तो भर दुपारी बारा वाजता नको, संध्याकाळी पाच वाजता ठेवा. शेतातली कामं उरकून माणसं तेव्हाच मैदानाकडे वळतात.