जवसाचं तेल आणि दोन रेषांची गाठ

1914 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक हेन्री लडवेल मूर याने एका पुस्तकात लिहिलं, की मागणीचा नियम सगळीकडे लागू पडत नाही. बारावीला अर्थशास्त्र असलेल्यांना हा नियम झोपेतही आठवतो: किंमत वाढली की मागणी घटते. पण मूरकडे अमेरिकेतल्या कच्च्या लोखंडाची बऱ्याच वर्षांची आकडेवारी होती आणि त्यात लोखंड महागलं की खपही वाढलेला दिसत होता. आलेखावरची रेषा खाली उतरायच्या ऐवजी वर चढत होती. मूरने ठरवलं, ही नव्या प्रकारची मागणी आहे.

पुढच्याच वर्षी या पुस्तकाचं परीक्षण छापून आलं. लिहिणारा फिलिप ग्रीन राइट पन्नाशी ओलांडलेला, अर्थशास्त्राच्या जगात फारसं नाव नसलेला मास्तर होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूरने काढलेली रेषा मागणीची नाहीच, ती पुरवठ्याची आहे. तेजीच्या काळात कारखाने आणि रेल्वेवाले जास्त लोखंड मागतात, म्हणून किंमत चढते, आणि चढलेल्या किमतीला भट्टीवाले जास्त माल काढतात. मूर पाहत होता विकणाऱ्यांकडे, आणि समजत होता की आपण घेणाऱ्यांकडे पाहतोय.

ही गोष्ट कांद्यावर घेतली तर जास्त नीट कळते. लासलगावच्या बाजार समितीत रोज आवक किती आणि दर किती, हे जाहीर होतं. तुम्ही पाच वर्षांचे असे आकडे घेतलेत, मोबाइलवरच्या शीटमध्ये टाकलेत आणि आलेख काढलात, तर ठिपक्यांचा एक ढग दिसेल. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवशी घेणाऱ्यांची रेषा आणि विकणाऱ्यांची रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू. दोन्ही रेषा रोज सरकतात. आपल्याला रेषा कधीच दिसत नाहीत, दिसतात फक्त छेद. त्या ढगातून एखादी रेषा काढून ‘ही मागणी’ म्हणणं म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणाचा शेवट ऐकून सुरुवात कोणी केली ते सांगण्यासारखं आहे.

मग करायचं काय? अशी एखादी गोष्ट शोधायची जी दोघांपैकी एकालाच हलवते. समजा, ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला आणि शेतातला कांदा भिजला. मुंबईतल्या माणसाची भजीची भूक त्या पावसाने बदललेली नाही, बदलला तो फक्त पुरवठा. अशा वर्षी आवक 6 टक्क्यांनी घटली आणि दर 20 टक्क्यांनी चढला, असं धरू (हे आकडे उदाहरणापुरते). सहाला विसाने भागलं की 0.3. म्हणजे दर 1 टक्का वाढला तर लोक खरेदी साधारण 0.3 टक्के कमी करतात. पुस्तकात जिला मागणीची लवचिकता म्हणतात, ती ही. पावसाने पुरवठ्याची रेषा सरकवली, मागणीची जागेवर राहिली, म्हणून ती दिसली.

एवढंच आहे हो. भागाकार सातवीतला आहे. अवघड आहे तो पाऊस शोधणं.

राइटला तो सापडला, पण फार उशिरा, आणि त्याआधीचं त्याचं आयुष्य मला या शोधाइतकंच आवडतं. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग नावाच्या गावात लोंबार्ड कॉलेज होतं. तिथे तो 1892पासून वीस वर्षं शिकवत होता. गणित, अर्थशास्त्र, खगोलशास्त्र, शिवाय इंग्रजी लेखनही. लहान कॉलेजात एका मास्तराच्या गळ्यात किती विषय पडतात, हे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या कोणालाही सांगायला नको. तो स्वतः कविता करायचा. घराच्या तळघरात त्याने छापखाना टाकला होता. स्वीडनहून आलेल्या एका मजुराचा मुलगा त्याच्या वर्गात होता, त्याच्या कविता राइटने 1904 साली त्या तळघरात छापल्या. तो मुलगा म्हणजे कार्ल सँडबर्ग, पुढे अमेरिकेचा नावाजलेला कवी. त्याचं ते पहिलं पुस्तक. छापखान्यात हाताखाली राइटची मुलं असत. त्यातला थोरला स्यूअल.

हा स्यूअल पुढे जीवशास्त्रात गेला आणि गिनीपिगच्या केसांचा रंग कशावरून ठरतो याचा अभ्यास करू लागला. रंग आईबापांवरून ठरतो, परिस्थितीवरून ठरतो आणि थोडा नशिबावरही. कशाचा वाटा किती, हे मोजायला त्याने कारणांकडून परिणामांकडे जाणारे बाण काढून गणित मांडायची एक रीत बसवली. 1921 साली ती ‘सहसंबंध आणि कार्यकारण’ अशा विषयावरच्या निबंधात छापून आली. अमेरिकेच्या शेती खात्यात असताना त्याने तीच रीत मका आणि डुकरांच्या भावांवरही चालवून पाहिली.

तोवर बाप वॉशिंग्टनला पोचला होता आणि आयात शुल्कांचा अभ्यास करत होता. प्रश्न असा: परदेशी तेल-तेलबियांवर शुल्क लावलं तर त्याचा भार कोण उचलतो? देशातल्या शेतकऱ्याला किती मिळतं आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून किती जातं? मागणी आणि पुरवठा किती लवचिक आहेत हे कळल्याशिवाय याचं उत्तर नाही. 1928 साली त्याचं प्राणिज आणि वनस्पती तेलांवरील शुल्काविषयीचं पुस्तक आलं. पावणेतीनशेहून जास्त पानं चरबी, लोणी, तेलबिया, बाजार, दर. प्रामाणिकपणे सांगायचं तर झोप आणणारी. आणि मग, काही कल्पना न देता, ‘परिशिष्ट ब’. त्यात वर सांगितलेली युक्ती गणितासकट मांडलेली आहे आणि लोणी व जवसावर वापरून दाखवली आहे. आपण जवसाची चटणी करतो, तिकडे जवसाचं तेल रंगात जायचं. एकरी उतारा हवामानावर हलतो, रंगाच्या मागणीवर नाही. अशा गोष्टींच्या आधाराने राइटने जवसाच्या मागणीची लवचिकता सुमारे 0.8 काढली.

कोणी लक्ष दिलं नाही. इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थमिती, हा शब्दच नॉर्वेच्या रॅग्नार फ्रिशने जेमतेम दोन वर्षांपूर्वी, 1926 मध्ये वापरात आणला होता. राइट 1934 मध्ये वारला. 1940च्या दशकात इतरांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली आणि 1945 मध्ये नॉर्वेच्याच ओलाव रायरसोलने तिला नाव दिलं, इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल. आज शाळेच्या वर्षांनी पगार किती वाढतो हे शोधायलाही हीच युक्ती लागते.

पुढे लोकांना परिशिष्टाची आठवण झाली तेव्हा एक शंकाही आली: हे बापाने लिहिलं की लेकाने? पुस्तकाच्या बाकी भागाशी त्याचं काही जुळत नव्हतं आणि गणित लेकाच्या वळणाचं होतं. 2003 साली जेम्स स्टॉक आणि फ्रान्सेस्को ट्रेबी या दोघांनी दोघांचंही लेखन घेऊन छोटे छोटे शब्द मोजले. मराठीत ‘पण’, ‘तर’, ‘आणि’, ‘मात्र’ असे, जे लिहिताना कोणी मुद्दाम निवडत नाही. परिशिष्टातला शब्दांचा ठसा फिलिपच्या लेखनाशी जुळला. नंतर 1926 मधली बापलेकांची पत्रंही मिळाली. त्यात हे गणित दोघांमध्ये चालू असलेलं दिसतं.

राइटचा प्रश्न मात्र नाशिक जिल्ह्यात अजून जिवंत आहे, फक्त उलट्या दिशेने. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. टीव्हीवरच्या चर्चेत एक म्हणाला शेतकरी मेला, दुसरा म्हणाला गिऱ्हाईक वाचलं. दोन्ही बाजूंनी भाव दाखवले जात होते, आणि ते सगळे छेदबिंदू होते.

हे आकडे ॲगमार्कनेटवर कोणालाही मिळतात, तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांनी त्यात हात घालायला हरकत नाही. पाऊस झाला पुरवठा हलवणारा. मागणी हलवणारं काय? माझा उमेदवार कांदेनवमी. त्यानंतर दोनच दिवसांनी आषाढी एकादशी, आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा बंद. गंमत अशी की ही तारीख सरकते. 2023 मध्ये आषाढी 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला. म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एका वर्षी चातुर्मास आहे, दुसऱ्या वर्षी नाही, आणि चाळीतल्या कांद्याला पंचांग कळत नाही.

पण चाळीच्या मालकाला कळतं, असं एखादी हुशार मुलगी लगेच म्हणेल. भाव पडणार हे माहीत असल्याने तो माल आधीच काढेल किंवा धरून ठेवेल, मग पुरवठाही हलला. दुसरा विचारेल, चातुर्मास पाळणारे आता उरलेत किती? आणि लासलगावचा कांदा तर देशभर जातो, तिथे महाराष्ट्रातल्या उपासाने किती फरक पडणार? तिन्ही आक्षेप बिनतोड नसले तरी वजनदार आहेत. पहिल्याचं उत्तर आषाढीच्या आधीच्या आठवड्यांतल्या आवकेच्या आकड्यांत शोधता येईल. तिसऱ्यासाठी लासलगावऐवजी पुण्या-मुंबईच्या बाजार समित्यांचे दर घ्यावे लागतील. दुसऱ्यासाठी बहुतेक घरोघरी जाऊन विचारावं लागेल.