एडिटरमध्ये पास, बिल्डमध्ये नापास: सॉफ्टवेअरच्या टेस्ट अशा का वागतात?

प्रोग्रामर आपल्या लॅपटॉपवर टेस्ट चालवतो, सगळीकडे हिरवी टिकमार्क दिसते. तोच कोड सर्व्हरवर बिल्ड होताना मात्र लाल होतो. कधी उलटही घडते: बिल्ड यशस्वी होतो, पण टेस्ट चाललेलीच नसते. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण चूक थेट ग्राहकापर्यंत पोहोचते.

जावाच्या जगात हे काम बहुतेक ठिकाणी मेव्हन किंवा ग्रेडल ही बिल्ड टूल करतात. एडिटर आणि बिल्ड टूल एकच टेस्ट वेगवेगळ्या परिस्थितीत चालवतात. गोंधळाचे मूळ तिथेच असते.

टेस्ट सापडतच नाही

मेव्हनमध्ये युनिट टेस्ट चालवण्याचे काम शुअरफायर हे प्लगइन करते. ते क्लासच्या नावावरून टेस्ट ओळखते. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'टेस्ट', अथवा शेवटी 'टेस्ट्स' किंवा 'टेस्टकेस' असावे लागते. नाव वेगळे असेल तर तो क्लास गुपचूप वगळला जातो. एडिटरला मात्र नावाशी देणेघेणे नसते.

दुसरे कारण आवृत्तीचे. जेयुनिट ५ सप्टेंबर २०१७ मध्ये आले. शुअरफायरमध्ये त्याची थेट सोय २.२२.० पासून, तर ग्रेडलमध्ये ४.६ पासून झाली. ग्रेडलच्या बिल्ड फाइलमध्ये जेयुनिट प्लॅटफॉर्म वापरण्याची सूचनाही लिहावी लागते. म्हणून नुसता 'सक्सेस' शब्द पाहू नये. किती टेस्ट चालल्या तो आकडा पाहावा. तो शून्य असेल तर ते यश खोटे आहे.

एकटी पास, घोळक्यात नापास

शुअरफायर मूळ सेटिंगमध्ये एका मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट एकाच जावा प्रोसेसमध्ये चालवते. एका टेस्टने स्टॅटिक व्हेरिएबल बदलून तसेच सोडले, तर त्याचा फटका पुढच्या टेस्टला बसतो. शिवाय क्लासचा क्रम फाइल सिस्टिमवर अवलंबून असल्याने दोन मशिनवर निकाल वेगळा येऊ शकतो. क्रम बांधून ठेवणे हा खरा उपाय नव्हे. प्रत्येक टेस्टने आपली तयारी स्वतः करावी आणि शेवटी आवराआवरही करावी.

मशिन बदलले की

• वेळ: बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. भारतात १ एप्रिलची रात्रीचे दोन वाजले असतील, तर यूटीसीप्रमाणे ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. आर्थिक वर्षावर आधारलेला हिशोब इथेच चुकतो. कोडमध्ये टाइमझोन स्पष्ट लिहावा.

• मराठी अक्षरे: जावा १८ च्या आधी मजकुराचे डीफॉल्ट एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरत असे. त्यामुळे काही विंडोज मशिनवर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. जुन्या आवृत्तीत बिल्ड फाइलमध्ये यूटीएफ-८ नमूद करावे. टेस्टची प्रोसेस वेगळी सुरू होत असल्याने तिलाही ते कळवावे लागते.

• फाइलचे नाव: विंडोजमध्ये सहसा इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही, लिनक्समध्ये धरला जातो.

• फोल्डर: मेव्हन प्रत्येक मॉड्यूलच्या टेस्ट त्या मॉड्यूलच्या फोल्डरमधून चालवते. एडिटरने वेगळ्या फोल्डरमधून सुरुवात केली, तर फाइलचा अर्धवट पत्ता चुकतो.

शोध कुठून सुरू करावा?

१. आधी रिपोर्ट वाचावा. मेव्हन तो 'टार्गेट'मधील शुअरफायर-रिपोर्ट्स फोल्डरमध्ये, तर ग्रेडल 'बिल्ड'मधील रिपोर्ट्स फोल्डरमध्ये ठेवते.

२. नापास झालेली टेस्ट टर्मिनलमधून बिल्ड टूलनेच एकटी चालवावी. एकटी पास झाली तर संशय शेजारच्या टेस्टवर. एकटीही नापास झाली तर आवृत्ती, वेळ, एन्कोडिंग आणि फोल्डर तपासावे.

३. जुने बिल्ड साफ करून पुन्हा चालवावे. काहीच बदललेले नसेल तर ग्रेडल आधीचाच निकाल ग्राह्य धरते आणि टेस्ट पुन्हा चालवत नाही.

घाईच्या वेळी टेस्ट वगळण्याचा पर्याय हाताशी असतो. पण त्याने बिल्ड हिरवा होतो, चूक जागेवरच राहते.