पहिल्या दहांची कुळकथा

निकालाच्या टेबलमधून सर्वाधिक गुणांचे पहिले दहा विद्यार्थी काढायचे आहेत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या शेवटी ‘लिमिट १०’ लिहायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप १०’, तेही सुरुवातीलाच, ‘सिलेक्ट’ला चिकटून. जुन्या ओरॅकलमध्ये यातलं काहीच नाही, तिथे ‘रोनम’. भाषा म्हणे एकच, एसक्यूएल! मग एवढ्याशा कामाला तीन तऱ्हा कशा?

याचं मूळ १९७० सालात आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी तेव्हा रिलेशनल मॉडेल मांडलं, तेही गणितातल्या संचांच्या पायावर. संचाला क्रम नसतो, त्यामुळे टेबलमधली ‘पहिली’ ओळ ही कल्पनाच त्यात बसत नाही. या मॉडेलसाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी १९७४मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून पुढे एसक्यूएल.

आयबीएमचं उत्पादन बाजारात येण्याआधीच, १९७९मध्ये, पुढे ओरॅकल झालेल्या कंपनीने आपलं विकायला काढलं. अमेरिकेचं एएनएसआय मानक आलं १९८६मध्ये, आयएसओचं १९८७मध्ये. तोवर बोली पडून गेल्या होत्या. शिवाय पहिल्या दहांसाठी मानकात शब्दच नव्हता. ग्राहकाला संचांशी काय देणंघेणं? त्याला पडद्यावर दहा नावं हवी होती. मग ज्याने त्याने आपापला शब्द घडवला.

त्यात ‘रोनम’ सर्वांत फसवा. तो ओळींना क्रमांक देतो ‘ऑर्डर बाय’च्या आधी. म्हणून ‘रोनम दहापर्यंत’ आणि त्याखाली गुणांचा उतरता क्रम असं लिहिलं, तर आधी हाताला लागतील त्या दहा ओळी उचलल्या जातात आणि मग त्यांनाच क्रम लागतो. एररही येत नाही. यादी छान उतरती दिसते, पण पहिला आलेला विद्यार्थी तिच्यात असेलच असं नाही. क्रम लावणारी क्वेरी आत आणि रोनमची अट बाहेर ठेवली, तरच उत्तर बरोबर येतं.

मानकाला सरळ शब्द सापडायला २००८ उजाडलं: ‘फेच फर्स्ट’. डीबीटू वापरणाऱ्यांना तो आधीपासून माहीत होता. पोस्टग्रेसने २००९मध्ये, एसक्यूएल सर्व्हरने २०१२च्या आवृत्तीत आणि ओरॅकलने २०१३मध्ये तो घेतला. एसक्यूएल सर्व्हरला मात्र त्याआधी ‘ऑर्डर बाय’ आणि ‘ऑफसेट’ लागतोच. ही सक्ती मला योग्य वाटते, निदान ‘ऑर्डर बाय’ची तरी. क्रम न सांगता ‘पहिले दहा’ मागणं निरर्थकच आहे, आणि इथे कॉडच बरोबर ठरतात. दहाव्या जागेवर दोघांचे गुण सारखे असतील, तर एक डेटाबेस एकाला घेईल, दुसरा दुसऱ्याला. म्हणून क्रमात गुणांनंतर आसनक्रमांकही घाला.

मायएसक्यूएल अजून ‘लिमिट’च मागतं. तिथेही कोड चालवायचा असेल, तर ही ओळ प्रोग्रॅममध्ये एकाच जागी ठेवा, पंचवीस फाइलींत पसरू देऊ नका.