एकशे ऐंशी अंशांची कुळकथा

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे शाळकरी मूल झोपेतून उठवलं तरी सांगेल. युक्लिडला मात्र हे वाक्य समजलं नसतं. ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास त्याने रचलेल्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागातलं बत्तिसावं प्रमेय म्हणजे हेच. पण तिथे १८० नाही आणि अंशही नाहीत. त्रिकोणाचे आतले तीन कोन मिळून दोन काटकोनांएवढे होतात, असं तो सिद्ध करतो. अख्ख्या ग्रंथात त्याने एकही कोन अंशांत मोजलेला नाही. आपण ६० अंश म्हणतो तो कोन त्याच्या लेखी काटकोनाचा दोन तृतीयांश.

माझ्या मते प्रमेयाचं खरं रूप हेच, आणि मुलांना ते आधी भेटायला हवं. काटकोन कुणी ठरवून दिलेला नसतो. एका रेषेवर दुसरी रेषा अशी उभी केली की दोन्ही बाजूंचे कोन सारखे झाले, की काटकोन तयार. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाकडचे दोन कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर येऊन शिरोबिंदूतल्या कोनाला चिकटतात आणि तिघांचा मिळून सरळ कोन होतो, म्हणजे दोन काटकोन. यात मोजणं कुठेच नाही. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावणाऱ्या मुलालाही कोनमापक लागत नाही.

यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारी आपल्याकडची शुल्बसूत्रंही अशीच, कोनाला आकडा न देणारी. सोमयागाची महावेदी आखायची तर पूर्व-पश्चिम लांबी ३६, पश्चिमेची बाजू ३० आणि पूर्वेची २४ प्रक्रम, म्हणजे पावलं. काटकोन मिळवायचा तो खुंट्या आणि दोरीने: ३० चं निम्मं १५, लांबी ३६, म्हणून कर्णाला ३९. दोरी ताणली की कोपरा आपोआप काटकोनात बसतो. गवंडी पायाची आखणी करताना ३, ४, ५ फुटांनी काटकोन तपासतो, त्यामागे बाजू आणि कर्ण यांचा हाच संबंध.

मग हे १८० अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचे ३६०, आले कुठून? आकाशातून. बॅबिलोनियाच्या कारभारी हिशेबात महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरत. दिवस-रात्रीचेही त्यांनी ३६० भाग केले होते. त्यातला एक भाग आजच्या चार मिनिटांचा. पुढे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या आसपास तिथल्या ज्योतिष्यांनी सूर्याच्या वाटेचे बारा सारखे भाग पाडले आणि प्रत्येकाचे तीस. सूर्य दिवसाला साधारण असा एक भाग चालतो. त्यांची मोजणी साठाच्या पटीतली असल्यामुळे भागाचे पुढचे तुकडेही साठ-साठचेच झाले. ऋग्वेदातही वर्षाच्या चाकाला बारा पाट्या आणि ३६० खुंट्या आहेत. पण ते वर्षाचं रूपक आहे, कोन मोजण्याचं माप नव्हे. एवढ्यावरून अंशांचा शोध आपल्याकडे लागला असं म्हणणं मला पटत नाही.

३६० ला २४ विभाजक आहेत म्हणून तो आकडा निवडला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तो आकडा टिकला कशामुळे याचं हे चांगलं उत्तर आहे. तो जन्मला कशामुळे याचं नाही.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सूर्याच्या वाटेचे हे ३६० भाग, म्हणजेच अंश, ग्रीकांकडे पोचले. ज्योतिषी टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या जीवांचं कोष्टक दिलं आणि आकाशातलं माप वर्तुळाच्या भूमितीत कायमचं बसलं. भारतीय ज्योतिषातही राशी, अंश, अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला अशी उतरंड आली. आर्यभटाने ४९९ मध्ये या मापाचा फार देखणा उपयोग केला. परिघाच्या २१,६०० कला, तर त्रिज्या किती कलांची? ३,४३८. कंस आणि त्रिज्या एकाच मापात आणून त्याने २२५ कलांच्या अंतराने चोवीस ज्या (अर्ध्या जीवा) दिल्या. पंचांगात ग्रहांची स्थिती आजही त्याच राशी-अंश-कलांत छापतात.

फ्रेंच राज्यक्रांतीने हे कुळ मोडायचा प्रयत्न केला. काटकोनाचे १०० ग्रेड आणि ग्रेडचे पुन्हा शंभर भाग. मीटरही त्याच हिशेबाने बेतला होता: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत १०,००० किलोमीटर, म्हणजे ग्रेडच्या शंभराव्या भागाला एक किलोमीटर. गणिती लाप्लासने खगोलावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात हेच माप वापरलं. योजना खरोखर सुंदर होती. पण कोष्टकं, नकाशे, जहाजांवरची उपकरणं सगळी ३६० ची होती. मीटर जिंकला, ग्रेड मागे पडला.

भारतभूमीवर या अंशांची कसोटी १८०२ पासून लागली. इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि कोन मोजणारा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवत त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. हे काम चालू असतानाच, जानेवारी १८२३ मध्ये, आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. असल्या मोठ्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज १८० अंश येतच नाही. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ती थोडी जास्त भरते: सुमारे १९७ चौरस किलोमीटरमागे एक विकला. ५० किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात ही वाढ साडेपाच विकलांची. युक्लिडचं प्रमेय सपाट पृष्ठाचं होतं आणि डोंगरमाथ्यांवरून मोजलेली जमीन सपाट नव्हती. फ्रेंच गणिती लिजांद्रने १७८७ मध्येच यावर तोड दिली होती: वाढीचा तिसरा हिस्सा प्रत्येक कोनातून वजा करावा, बाजू तशाच ठेवाव्यात आणि त्रिकोण सपाट समजून सोडवावा.